हलक्या हॉट रॉडसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोणता निवडावा?

वाचकांचे प्रश्न : मोटार विभाग

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा असून नोकरीनिमित्त बरीच वर्षे अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहतो. घरच्या गॅरेजमध्ये मी एक हॉट रॉड, म्हणजे जुन्या धर्तीच्या बॉडीत ताकदवान इंजिन घातलेली गाडी, बांधत आहे. बॉडी १९२३ च्या फोर्ड मॉडेल टीच्या धर्तीची, फायबरग्लासची आहे. इंजिन शेव्हरोलेचे ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ असून त्यावर चार बॅरलचा कार्ब्युरेटर आहे आणि झडपा उघडणारा कॅमशाफ्ट मूळच्यापेक्षा थोडी जास्त उचल देणारा आहे. मागचा एक्सल जनरल मोटर्सचा, ३.७३ गुणोत्तराचा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे), तर मागच्या टायरचा व्यास २९ इंच आहे. तयार गाडीचे वजन १,९०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ८६० किलोंच्या आसपास जाईल. पत्नीलाही गाडी चालवायची असल्याने गिअरबॉक्स ऑटोमॅटिक हवा. सुटीच्या दिवशी गावात फिरणे, वर्षातून काही वेळा महामार्गाने शंभर-दीडशे मैलांवरच्या मेळाव्याला जाणे आणि क्वचित ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर, हौस भागवणे, एवढाच वापर होईल. एक मित्र दोन गिअरचा पॉवरग्लाइड सुचवतो, दुसरा तीन गिअरचा टर्बो ३५०, तर तिसरा म्हणतो की चार गिअरच्या ७०० आर ४ शिवाय दुसरा विचारच करू नये. आपले मत काय?

उत्तर : आपण वजन, टायर आणि एक्सल यांचे आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण गिअरबॉक्सचा निर्णय त्याच आकड्यांवर ठरतो. आमचे मत आधी सांगतो : टर्बो हायड्रामॅटिक ३५० घ्यावा आणि एक्सलचे ३.७३ चे क्राउन-पिनियन (आतली दातेरी चाकांची जोडी) बदलून ३.०८ चे बसवावे. आपले तिन्ही मित्र फक्त गिअरबॉक्सविषयी बोलत आहेत. गिअरबॉक्स, एक्सल आणि टायर यांचा निर्णय मात्र एकत्रच घ्यावा लागतो, आणि गाडी हलकी असली की हे अधिकच खरे ठरते.

पहिला गिअर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, वाढवून चाकाला देतो, तो गाडीचे वजन जागचे हलवण्यासाठी. १९७० च्या सुमाराची एखादी शेव्हरोले शेव्हेल ३,६०० पौंडांच्या घरात भरते. तिच्यात टर्बो ३५० आणि ३.०८ चा एक्सल असेल, तर पहिल्या गिअरचे २.५२ आणि एक्सलचे ३.०८ यांचा गुणाकार ७.७६ येतो, म्हणजे इंजिनाचा टॉर्क पावणेआठ पट होऊन चाकाशी पोहोचतो. आता तेच इंजिन आपल्या १,९०० पौंडांच्या गाडीत घालून मागे पॉवरग्लाइड लावला, तर पहिल्या गिअरचे १.७६ आणि ३.०८ यांचा गुणाकार फक्त ५.४२ भरतो, पण वजन जवळजवळ निम्मे असल्यामुळे दर पौंडामागे मिळणारी ओढ शेव्हेलपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्तच राहते. म्हणजे ज्या गिअरबॉक्सला जड गाडीत लोक मरगळलेला म्हणतात, तोच हलक्या गाडीत चपळ वाटतो. उलट ७०० आर ४ च्या ३.०६ च्या पहिल्या गिअरला आपला ३.७३ चा एक्सल जोडला, तर गुणाकार ११.४ होतो. तो ट्रकला शोभणारा आकडा आहे.

एवढी ओढ आपले टायर जमिनीला देऊ शकणार नाहीत. आपल्या मागच्या चाकांवर साधारण १,००० पौंड भार येईल. चांगल्या टायरची पकड त्या भाराएवढी मानली, तर २९ इंची टायरवर एक्सलला जेमतेम १,२०० पौंड-फूट टॉर्क पेलतो. सुटताना मागे झुकणारे वजन धरून फार तर १,५०० म्हणा. इंजिनाचा टॉर्क ३३० पौंड-फूट धरला, तर पॉवरग्लाइड आणि ३.०८ च्या जोडीनेही, टॉर्क कन्व्हर्टरने (इंजिन व गिअरबॉक्स यांना ऑइलद्वारे जोडणाऱ्या भागाने) वाढवलेला टॉर्क न मोजता, १,७८० च्या पुढे आकडा जातो. टर्बो ३५० ने तो अडीच हजारांवर जातो आणि ७०० आर ४ व ३.७३ च्या जोडीने पावणेचार हजारांवर. त्यातला वरचा सगळा भाग टायरच्या धुरातच जाणार. हलकी, आखूड, मागून घसरणारी गाडी पावसाने ओल्या झालेल्या चौकात सावरणे अनुभवी माणसालाही कठीण जाते, आणि आपल्या घरात ही गाडी दोघे चालवणार आहेत. पहिला गिअर सौम्य असावा असा आग्रह आम्ही धरतो तो प्रामुख्याने यासाठी.

आता महामार्गाचा विचार. ताशी ६५ मैलांना, २९ इंची टायर आणि सरळ, म्हणजे १ गुणोत्तराचा, शेवटचा गिअर धरला, तर ३.७३ च्या एक्सलने इंजिन मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते आणि ३.०८ च्या एक्सलने सुमारे २,३२०; कन्व्हर्टरची थोडी घसर धरून दोन्हींत काही फेरे मिळवावेत. २,३२० फेऱ्यांवर हे इंजिन दिवसभर चालावे, ना आवाजाचा त्रास ना पेट्रोलची उधळपट्टी. तुमच्या तिसऱ्या मित्राला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १ पेक्षा कमी गुणोत्तराचा चौथा गिअर, हवा आहे तो हे फेरे उतरवण्यासाठीच. ते काम एक्सल बदलून होत असेल, तर चौथ्या गिअरचे ओझे कशाला वाहायचे? शिवाय ३.०८ च्या एक्सलवर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह लावला, तर फेरे १,६०० च्या घरात उतरतात, आणि उंच कॅमच्या इंजिनाला तेथे दम राहत नाही. ते गदगदू लागते आणि पाय जरा दाबला की गिअरबॉक्स खाली उतरतो. आपण ३.७३ चाच एक्सल ठेवणार असाल आणि दर आठवड्याला दोनशे मैल प्रवास करणार असाल, तर आमचे मत वेगळे असते. तेव्हाही आम्ही ७०० आर ४ ऐवजी २०० ४ आर सुचवला असता. त्याचा पहिला गिअर २.७४ चा, म्हणजे सौम्य आहे, ओव्हरड्राइव्ह ०.६७ चा आहे, आणि त्याची लांबी सहा इंची शेपटीच्या (मागच्या कवचाच्या) टर्बो ३५० एवढीच, साधारण पावणेअठ्ठावीस इंच आहे. १९८० च्या दशकातील ब्यूइक ग्रँड नॅशनलमध्ये हाच गिअरबॉक्स होता, त्यामुळे नीट बांधलेला असेल तर तो नाजूक असतो असे मानण्याचे कारण नाही.

लांबीचा मुद्दा मॉडेल टीच्या धर्तीच्या गाडीत फार मोलाचा आहे. ७०० आर ४ सुमारे पावणेएकतीस इंच लांब आहे, म्हणजे तीन इंच जास्त. मोठ्या गाडीत तीन इंचांनी काही बिघडत नाही, पण आपल्या गाडीत इंजिन आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये जागाच इतकी थोडी असते की प्रोपेलर शाफ्ट मुळातच बोटभर उरल्यासारखा दिसतो. तो आणखी तीन इंचांनी आखूड झाला की स्प्रिंग दबताना युनिव्हर्सल जॉइंटचा कोन झपाट्याने वाढतो, गाडी विशिष्ट वेगाला थरथरते आणि जॉइंट लवकर खराब होतात. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि एक ते तीन अंशांच्या दरम्यान राखावेत.

टर्बो ४०० विषयी आपण विचारले नाही, तरी कोणी ना कोणी तो गळ्यात मारण्याचा प्रयत्न करीलच. तो उत्तम गिअरबॉक्स आहे. रोल्स-रॉइस, जॅग्वार आणि फेरारी यांनीही तो आपल्या गाड्यांत वापरला. पण तो जड, भरपूर टॉर्कच्या गाड्यांसाठी घडवलेला आहे, त्याचे आत फिरणारे भाग जड आहेत आणि ते फिरवण्यात इंजिनाची शक्ती खर्च होते. आपल्या गाडीत त्याच्या ताकदीचा उपयोग नाही.

पॉवरग्लाइड मात्र आम्ही सहज बाजूला सारत नाही. १९६२ पासूनचा ॲल्युमिनियमच्या कवचाचा पॉवरग्लाइड शंभर पौंडांच्या आसपास, तर टर्बो ३५० सुमारे १२० पौंडांचा असतो. दोघांची लांबी जवळजवळ सारखी आणि मागच्या आधाराची जागाही तीच असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. ३.०८ च्या एक्सलवर त्याचा पहिला गिअर साडेपाच हजार फेऱ्यांना ताशी ८५ मैलांच्या पुढे जातो, म्हणून ड्रॅग स्ट्रिपवर जाणाऱ्याला तो आवडतो. पण आपला मुख्य वापर गावातला आणि मेळाव्यांचा आहे. वळण घेऊन ताशी वीस मैलांवरून पुन्हा वेग घेताना टर्बो ३५० चा १.५२ चा दुसरा गिअर हाताशी असणे सुखाचे ठरते. म्हणून आम्ही टर्बो ३५० च्या बाजूने कौल देतो.

जुना टर्बो ३५० पाहायला जाल तेव्हा खालचे ऑइल पॅन पाहा : चौरसाचा एक कोपरा कापल्यासारखा आकार आणि तेरा बोल्ट. हा गिअरबॉक्स १९६९ पासून पुढे लाखो गाड्यांत बसवला गेला, त्यामुळे सुटे भाग मुबलक आणि स्वस्त मिळतात. शेवटच्या वर्षांत कन्व्हर्टर लॉक करणारा एक प्रकार आला; तो आपल्या कामाचा नाही, टाळावा. ऑइल मोजायची दांडी ओढून ऑइलचा वास घ्या. जळका वास आणि तपकिरी रंग असेल, तर आतले क्लच संपले आहेत असे समजून किंमत करा.

कन्व्हर्टरबाबत हलक्या गाडीची एक खासियत सांगायला हवी. उंच स्टॉलचा (गाडी अडवून धरली असता इंजिन ज्या फेऱ्यांपर्यंत चढते तो आकडा) कन्व्हर्टर जड गाडीत जितके फेरे दाखवतो, तितके हलक्या गाडीत दाखवत नाही, कारण गाडी अडून न बसता आधीच पुढे निघते. त्यामुळे ३,००० स्टॉलची जाहिरात वाचून भुलू नये. आपल्या कॅमला २,००० ते २,२०० चा स्टॉल पुरतो. याहून घट्ट कन्व्हर्टर घेतला तर दुसरा त्रास होतो. इंजिन रिकाम्या फेऱ्यांवर असतानाही गाडी पुढे रेटत राहते, आणि पुढच्या लहान ब्रेकच्या हलक्या गाडीला सिग्नलवर थोपवून धरताना पाय दुखून येतो.

टर्बो ३५० ला गिअर कधी बदलायचा आणि ऑइलचा दाब किती ठेवायचा याची सूचना इंजिनाच्या व्हॅक्यूममधून मिळते. मागे उजव्या बाजूला असलेला डबीसारखा मॉड्युलेटर ते काम करतो. त्याची नळी कार्ब्युरेटरच्या वरच्या छिद्राला न जोडता थेट इनटेक मॅनिफोल्डला जोडावी. हलकी गाडी नेहमी कमी थ्रॉटलवर चालते, व्हॅक्यूम उंच राहतो आणि गिअर फार लवकर, मऊपणे वर चढतात. असे वाटल्यास मॉड्युलेटरच्या नळीच्या तोंडातील स्क्रू थोडा आत फिरवावा किंवा गव्हर्नरची (वेगानुसार गिअर बदलवणाऱ्या भागाची) वजने आणि स्प्रिंग बदलावेत. ७०० आर ४ आणि २०० ४ आर यांत व्हॅक्यूमऐवजी थ्रॉटलला जोडलेली केबल हे काम करते, आणि ती केबल चुकीच्या भूमितीने जोडली गेली तर दाब कमी पडून क्लच काही मैलांत जळतात. घरी गाडी बांधणाऱ्याने टर्बो ३५० निवडावा याला हेही एक मोठे कारण आहे.

बसवणीतील एक टप्पा मात्र मन लावून करावा, कारण गिअरबॉक्सचे नवे ऑइल पंप बहुधा तेथेच फुटतात. कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये घालताना तो एका हाताने पोटाशी उचलून दाबत आणि हळूहळू फिरवत जावे. आधी स्टेटरच्या दांड्याचे दाते बसतात, मग आतल्या शाफ्टचे आणि शेवटी पंपाच्या दोन खाचा. प्रत्येक वेळी कन्व्हर्टर ठक् करून आत सरकतो. तिसरा ठोका ऐकू येईपर्यंत थांबू नये. मग गिअरबॉक्स इंजिनाला टेकवून बोल्ट हाताने आवळावेत आणि कन्व्हर्टर बोटांनी मोकळा फिरतो का ते पाहावे. तो फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या मागच्या दातेरी चकतीपासून) तीन ते पाच मिलिमीटर मागे असला पाहिजे. अंतरच उरले नसेल, तर कन्व्हर्टर पुरता बसलेला नाही; पान्याने बोल्ट ओढून जागा जुळवायला गेलात की पंप गेला. फ्लेक्सप्लेट १५३ दातांची की १६८ दातांची हे स्टार्टरप्रमाणे ठरवावे, आणि इंजिन १९८६ पासूनचे असेल तर मागच्या सीलच्या बदलामुळे फ्लेक्सप्लेटवर समतोलाचे वजन लागते, हे दुकानदाराला आवर्जून सांगावे.

ऑइल थंड ठेवण्यासाठी रेडिएटरच्या टाकीतल्या नळीवर विसंबू नका, कारण या गाड्यांचा रेडिएटर लहान असतो. वाऱ्याच्या झोतात एक वेगळा कूलर लावावा. आणि न्यूट्रल सेफ्टी स्विच कधीही गाळू नये. उघड्या चाकांची एवढी हलकी गाडी गिअरमध्ये असताना सुरू झाली, तर गॅरेजमध्ये पुढे उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

प्रश्न : मी टोरांटोजवळ राहतो. १९३२ च्या फोर्डच्या धर्तीवरील रोडस्टरमध्ये फोर्डचेच ३०२ इंजिन बसवत आहे. त्याला टर्बो ३५० लावण्यासाठी ॲडॅप्टर घ्यावा की सी ४ गिअरबॉक्स शोधावा?

उत्तर : सी ४ शोधावा. १९६४ ते १९८१ या काळात फोर्डने तो बनवला, वजन सुमारे ११० पौंड, गुणोत्तरे २.४६, १.४६ आणि १; म्हणजे वर टर्बो ३५० विषयी जे लिहिले ते त्याला जवळजवळ शब्दशः लागू पडते. त्याचे बेलहाउसिंग (इंजिनाला जोडणारे पुढचे कवच) सुटे असते, आणि तेथेच घोळ होतो. काही सी ४ मध्ये ऑइल भरायची नळी पॅनला असते, काहींत कवचाला. फ्लेक्सप्लेट १५७ दातांची असते किंवा १६४ दातांची. म्हणून गिअरबॉक्स, बेलहाउसिंग, कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट हे सारे एकाच गाडीतून उतरवलेले घ्यावे. १९६६ पर्यंतच्या सी ४ ची गिअर दांडीची मांडणी निराळी होती, तेव्हा १९६७ नंतरचा पाहावा. इंजिन कोणत्या काळातले आहे हेही तपासा : १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ३०२ इंजिनाचा बाह्य समतोल २८ औंसांवरून ५० औंसांवर गेला, आणि चुकीची फ्लेक्सप्लेट लागली तर इंजिन असे थरथरते की माणूस दोष गिअरबॉक्सला देतो.

प्रश्न : मी पुण्यात मेकॅनिकल अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. आजच्या गाड्यांत आठ-दहा गिअर असताना हॉट रॉडवाले दोन-तीन गिअरचे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे गिअरबॉक्स का वापरतात? ही केवळ जुन्याची ओढ आहे का?

उत्तर : ओढ असेलही, पण कारण यांत्रिक आहे. इंजिन ज्या फेऱ्यांवर कमीत कमी इंधनात काम करते त्याच फेऱ्यांवर ते राहावे, यासाठी आजच्या गाड्यांत इतके गिअर असतात. लहान इंजिन, जड गाडी आणि कडक प्रदूषण नियम एकत्र आले की ती गरज निर्माण होते. पावणेसहा लिटरचे इंजिन दीड हजार फेऱ्यांपासूनच भरघोस टॉर्क देते आणि पुढे ९०० किलोंचीही गाडी नसते, तेव्हा गिअरची संख्या वाढवून फारसे काही मिळत नाही. आधुनिक गिअरबॉक्सला संगणक, सेन्सर आणि त्यांची तारजोडणी लागते, ती कार्ब्युरेटरच्या इंजिनाला जोडणे शक्य असले तरी खर्चिक पडते.

आपल्याला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. १९०८ ते १९२७ या काळातील मूळ मॉडेल टीमध्येही दोन गिअरच होते, आणि तेही ग्रहमालेच्या रचनेचे, म्हणजे आजच्या ऑटोमॅटिकच्या आत असते त्याच जातीचे. चालकासमोर तीन पेडल असत. डावे दाबून धरले की आतल्या ड्रमभोवतीचा पट्टा आवळला जाऊन गाडी हळूच्या गिअरमध्ये जाई, पूर्ण सोडले की वेगाच्या गिअरमध्ये. मधले पेडल मागे जाण्यासाठी आणि उजवे ब्रेकसाठी. पॉवरग्लाइडमध्येही पहिला गिअर ड्रमभोवतीचा पट्टा आवळूनच मिळतो. फरक इतकाच की पायाऐवजी ऑइलचा दाब तो आवळतो आणि इंजिन व गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एखादा उघडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर सूर्य-गिअर, ग्रह-गिअर आणि बाहेरचा दातेरी कडा यांपैकी कोणता भाग धरून ठेवला की कोणते गुणोत्तर मिळते, हे हाताने फिरवून पाहावे.

दोन गिअरचे हे गणित इंजिन मोठे असेल तरच जुळते. त्याच हलक्या बॉडीत कोणी दोन-सव्वादोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन बसवले, तर खालच्या फेऱ्यांवर टॉर्क अपुरा पडतो. अशा गाडीला किमान तीन गिअर हवेत, आणि एक्सलही ३.०८ चा न ठेवता ३.७३ किंवा त्याहून वरचा घ्यावा.